चिमटा कोणाच्या हातात

दक्षिण कोरियाच्या सोल शहरात मांस भाजून खायच्या खाणावळीत चौघं मित्र टेबलाभोवती बसले की आधी निखारे येतात. वाढणारा लालबुंद कोळशांचं भांडं आकड्यानं उचलून आणतो, टेबलाच्या मधल्या भोकात अलगद उतरवतो, वर जाळी बसवतो आणि छतातून लोंबणारी धुराची नळी जाळीच्या वर वीतभर अंतरापर्यंत खाली ओढतो. मग कच्च्या मांसाचं ताट येतं. ताटाशेजारी एक लांब चिमटा आणि एक जाडजूड कात्री. एवढं ठेवून तो निघून जातो. इथून पुढचा स्वयंपाक गिऱ्हाइकांचा.

त्या चिमट्याकडे कोणाचा हात जातो, यावर पुढचे दोन तास कसे जाणार हे बरंचसं ठरतं. ऑफिसच्या मंडळींत तो बहुधा वयानं सगळ्यात धाकट्याच्या हाती जातो. अशा शेंडेफळाला कोरियनमध्ये ‘माङ्ने’ म्हणतात. मित्रांमध्ये मात्र ज्याला भाजता येतं तो उचलतो, आणि ज्याला येत नाही त्यानं उचलला तर दुसरा कुणीतरी हळूच काढून घेतो. कोरियन जेवणाबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक चवीबद्दल असतं: तिखट, आंबूस, लसणाचा मारा. मला या टेबलाचं खरं कौतुक वाटतं ते कामाच्या वाटणीचं. इथं कुणालाच आपापलं जेवून उठता येत नाही. एक भाजतो, एक कापतो, एक पेला भरतो, एक पानात घास बांधून दुसऱ्याच्या तोंडात देतो. ही कामं माहीत असली की जेवण रंगतं. नसली की मांस करपतं, पोट अर्धवट भरतं आणि ‘उगाच एवढे पैसे गेले’ असं वाटत माणूस बाहेर पडतो.

जागा म्हणून जोंगनो ३-गा घेऊ. मेट्रोच्या १, ३ आणि ५ क्रमांकाच्या मार्गांचं हे स्टेशन. सहा नंबरच्या दारानं वर आलं की जवळच भाजक्या मांसाची गल्ली लागते आणि संध्याकाळी तिच्यातली टेबलं रस्त्यावर पसरलेली असतात. ही गल्ली ‘गालमेगीसाल’साठी प्रसिद्ध. गालमेगी म्हणजे समुद्रपक्षी, सीगल. पण या मांसाचा पक्ष्याशी संबंध नाही. डुकराच्या छाती-पोटाच्या मधल्या पडद्याचं हे मांस, आणि पडद्याला असलेला कोरियन शब्द बोलता बोलता झिजून पक्ष्याच्या नावासारखा झाला. एका जनावरात ते फार थोडं निघतं. चरबी कमी, रंग गडद, चव जवळजवळ गोमांसासारखी. गल्लीला लागूनच इक्सॉन-दोंग हा मोहल्ला. १९२०-३० च्या दशकांत जॉंग से-ग्वॉन या बांधकाम व्यावसायिकानं मोठे वाडे पाडून, तुकडे करून, सामान्य कोरियन कुटुंबांना परवडतील अशी छोटी कौलारू घरं या भागात बांधली. त्याच घरांत आता कॅफे आहेत, खाणावळी आहेत आणि दारोदार तरुण पोरापोरींच्या रांगा आहेत.

रांग म्हणजे उभं राहणं नव्हे. दाराशी टॅब्लेट असतो; त्यावर मोबाइल नंबर आणि माणसांची संख्या टाकायची, नंबर जवळ आला की काकाओटॉक या निरोपांच्या अॅपवर निरोप येतो. कोरियन मोबाइल नंबर नसेल तर इथंच गाडी अडते. तेव्हा टॅब्लेटशी झटापट न करता सरळ आत जाऊन माणसाला सांगावं. बऱ्याच ठिकाणी नाव लिहून घेतात. दुसरी अडचण अशी की पुष्कळ ठिकाणी सगळी मंडळी हजर झाल्याशिवाय आत घेत नाहीत. चौघांतला एक मेट्रोत असेल तर तुमचा नंबर येतो आणि पुढच्याला जातो. दुपारी ३ ते ५ अनेक खाणावळी बंद असतात. त्यामुळे शुक्रवारी साडेपाचला पोचलं तर बसायला मिळतं, साडेसहाला पोचलं तर तासभर रस्त्यात.

आत गेल्यावर बसायचा स्टूल आधी उघडून बघावा. बऱ्याच स्टुलांची गादी म्हणजे पेटीचं झाकण असतं. जाकीट, पिशवी, मफलर सगळं आत टाकायचं, कारण डुकराच्या चरबीचा वास लोकरीला धरला की दोन दिवस सुटत नाही. चमचे आणि चॉपस्टिक टेबलाच्या कडेच्या ड्रॉवरमध्ये असतात. ड्रॉवरजवळ बसलेल्यानं ते काढून सगळ्यांपुढे मांडायचे आणि पाण्याचे पेले भरायचे. चिमटा घेणाऱ्याच्या आधी सुरू होणारं हे काम, आणि ते न सांगता करणारा मित्र मला फार मोलाचा वाटतो.

हाक कशी मारायची? टेबलावर बटण असतं, आताशा मागणी नोंदवायचा टॅब्लेटही असतो. पण जुन्या वळणाच्या खाणावळीत वाढणाऱ्या बाईंना ‘इमो’ म्हणून हाक मारतात. इमो म्हणजे आईची बहीण. काकू नाही, आत्या नाही, नेमकी मावशी. आपल्याकडे मेसमध्ये, हॉस्पिटलात, शाळेच्या व्हरांड्यात अनोळखी बाईला मावशी म्हणण्याची जी रीत आहे ती तिकडे जशीच्या तशी आहे. मराठी माणसाला कोरियनमधला हा एक शब्द शिकवावा लागत नाही, फक्त आवाज बदलावा लागतो. कुणाला ते जास्त सलगीचं वाटलं तर ‘योगियो’, म्हणजे ‘इकडे जरा’, हे कुठंही चालतं.

आता मागणी. यादीत भाव असतो तो एका ‘इन्बुन’चा, म्हणजे एका माणसाच्या वाट्याचा, आणि त्या वाट्याचं वजन शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय भाव कळत नाही. कुठं १५० ग्रॅम, कुठं १८०, कुठं २००. हे वजन कच्च्या मांसाचं. भाजताना चरबी वितळून ते बरंच घटतं. सोलमध्ये २०० ग्रॅम सामग्यॉपसालचा, म्हणजे डुकराच्या पोटाच्या मांसाचा, सरासरी भाव २०२४ मध्ये २०,००० वॉनच्या वर गेला, त्यामुळे हिशेब आधी केलेला बरा. चौघांनी सुरुवातीला चार वाटे मागवावेत, तेही एकाच प्रकारचे. दोन प्रकारांचे भाजायचे वेळ वेगळे असतात आणि पहिल्याच फेरीत चिमटेवाल्याची त्रेधा उडते. संपत आलं की आणखी दोन. मसाल्यात मुरवलेलं मांस, उदाहरणार्थ बरगडीचं गाल्बी, नेहमी शेवटी. त्यात सोया सॉस, साखर आणि कोरियन नासपतीचा रस असतो. नासपती मांस मऊ करते, पण ती साखर जाळीला चिकटून जळते, आणि त्यानंतर त्याच जाळीवर काहीही टाकलं की काळं होतं.

एकट्या माणसाला मात्र बहुतेक ठिकाणी दोन वाटे घ्यावेच लागतात. काही ठिकाणी एकट्याला बसवतही नाहीत. ते कठोर वाटतं, पण त्यांच्या बाजूनं बघितलं तर निखारे तेवढेच लागतात, टेबल तेवढंच अडतं, वाट्या तेवढ्याच मांडाव्या लागतात. या जेवणाची सगळी मांडणीच दोघांपासून सुरू होते.

मांसाच्या आधी टेबल वाट्यांनी भरतं. किमची, मुळ्याच्या पातळ आंबटगोड चकत्या, मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, कांद्याच्या पाती उभ्या बारीक चिरून मिरचीपूड, व्हिनेगर आणि तिळाच्या तेलात कालवलेली ‘पाजॉरी’. या सगळ्याला मिळून ‘बांचान’ म्हणतात. त्याचे पैसे नसतात आणि वाटी संपली की पुन्हा मिळते. हल्ली पुष्कळ ठिकाणी कोपऱ्यात स्वतः वाढून घ्यायचं टेबल असतं. पहिल्यांदा गेलेले लोक दोन चुका करतात. एक तर मांस येईपर्यंत या वाट्या चाटूनपुसून संपवतात. दुसरी, हे सॅलड आहे असं समजून वेगळं खातात. पाजॉरीचं काम चरबीचा तेलकटपणा कापायचं आहे; मांसाशिवाय ती नुसती झोंबते.

आता चिमटा. सामग्यॉपसाल हे या सगळ्याचं मुख्य पात्र: साम म्हणजे तीन, ग्यॉप म्हणजे पदर, साल म्हणजे मांस. डुकराच्या पोटाचं तीनपदरी मांस, मांस-चरबी-मांस अशा पट्ट्यांचं. साधारण दीड-दोन सेंटिमीटर जाडीची पट्टी असेल तर तिच्यावर मेहनत घेण्यात अर्थ आहे. तीन-चार मिलिमीटरचे गोठवलेले काप पटकन शिजतात, पण कुरकुरीत होण्याआधी वाळतात.

बहुतेक चुका घाईच्या असतात. जाळी, किंवा काही ठिकाणी जाळीऐवजी असतो तो तवा, पुरता तापायच्या आधी मांस टाकलं की ते चिकटतं, आणि उचलताना वरचा पापुद्रा तिथंच राहतो. चरबीचा एक तुकडा चिमट्यात धरून तव्यावरून फिरवावा; लगेच चर्र आवाज आला आणि हलकासा धूर दिसला की तवा तयार. मग पट्ट्या टाकायच्या, एकमेकींना न चिकटवता, आणि हात आवरायचा. दोन-तीन मिनिटं काही करायचं नाही. दाबायचं तर अजिबात नाही. दाबलं की आतला रस निघून जातो. कडेनं बघत राहावं. खालून पांढरट रंग जाडीच्या अर्ध्यापर्यंत चढला आणि वरच्या बाजूवर पाण्याचे बारीक थेंब दिसायला लागले की उलटायचं. खालची बाजू शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाची व्हायला हवी. फिकी असेल तर तवा गार आहे. पुन्हा उलटून ठेवलं तरी बिघडत नाही.

दुसरी बाजू रंगली की कात्री. एक जण चिमट्यानं पट्टीचं टोक उचलून धरतो आणि कात्रीनं आडवे, अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे करतो. हे काम दोघांत वाटून घेतलं तर जास्त सोपं. कात्री लवकर चालवणं ही सगळ्यात मोठी चूक. कच्चट असताना कापलं की प्रत्येक तुकड्याच्या चारही बाजूंनी पाणी सुटतं, तवा गार होतो आणि मांस भाजायच्या ऐवजी स्वतःच्या पाण्यात शिजतं. ते खाताना चामट लागतं आणि खाणारा म्हणतो, मांसच चांगलं नव्हतं. कापल्यावर तुकडे आडवे पाडून कापलेल्या बाजू तव्याला लावायच्या, मिनिटभर. हे शेवटचं मिनिट बरेच लोक वगळतात, आणि खरी कुरकुर त्याच मिनिटात येते.

तवा थोडा उतरता बसवलेला असतो. चरबी एका टोकाला ओघळून भोकातून खालच्या भांड्यात जाते. त्या उतरत्या टोकाला किमची पसरायची. चरबीत तळली गेली की किमचीचा आंबटपणा गोडसर होतो, रंग गडद होतो. लसणाच्या चकत्या नुसत्या तव्यावर टाकल्या की अर्ध्या करपतात, अर्ध्या कच्च्या राहतात. त्यांना तिळाच्या तेलासकट छोट्या धातूच्या वाटीत घालून ती वाटी कडेला ठेवावी, दहा मिनिटांत लोण्यासारख्या मऊ होतात. कोळशाच्या जाळीवर पद्धत जरा बदलते. चरबी थेट निखाऱ्यावर ठिबकते आणि भडका उठतो. तेव्हा फुंकर नको, पाणी तर मुळीच नको. पाण्यानं राख उडून मांसावर बसते. मांस कडेला सरकवायचं, ज्वाला बसू द्यायची, आणि जाळी काळी झाली असेल तर जाळी बदलून मागायची. बदलून देणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे, त्यात संकोच नको.

आणखी एक, आणि हे मी आग्रहानं सांगेन: कच्च्या मांसाला ज्या चिमट्यानं हात लावला त्यानंच भाजलेला तुकडा कुणाच्या ताटलीत वाढू नये. दुसरा चिमटा मागितला की मिळतो. नाहीतर निदान चिमट्याची टोकं निखाऱ्यावर धरावीत. स्वतःच्या चॉपस्टिक कच्च्या मांसापासून दूरच ठेवाव्यात. आणि ज्या महागड्या किंवा नव्या फॅशनच्या खाणावळीत वाढणारा स्वतः भाजून देतो, तिथं त्याच्या चिमट्याला हात लावायचा नाही. त्याचा वेळेचा हिशेब असतो, आपण उगाच उलटलं की तो मोडतो.

पुण्याच्या आसपास रांजणगावला एलजीचा कारखाना, तळेगावचा कारखाना घ्यायचा ह्युंदाईचा २०२३ मधला करार, आणि त्यांच्याबरोबर आलेली कोरियन माणसं, असं करत कोरियन खाणावळी आपल्याकडेही आल्या. जिथं कोळशाऐवजी गॅस किंवा विजेची शेगडी असेल तिथं एवढंच लक्षात ठेवावं की तवा हळू तापतो आणि मांस टाकल्यावर जास्त गार होतो. म्हणून एका वेळी अर्धंच मांस टाकावं.

भाजणं चालू असताना बाकीच्या तिघांचं काम म्हणजे ‘स्साम’. पान, आत घास, आणि गुंडाळी. डाव्या तळहातावर लेट्यूसचं पान खोलगट बाजू वर करून ठेवायचं. पान धुतलेलं असतं, म्हणून आधी एकदा झटकायचं, नाहीतर आतलं सगळं पाणचट होतं. त्यावर उलटं ‘केन्निप’चं पान. हे पेरिला नावाच्या झाडाचं, तुळशीच्या कुळातलं. दातेरी कडा, खालून किंचित जांभळट, वास पुदिना आणि बडीशेप यांच्या मधला. इंग्रजी मेन्यूत त्याला बरेचदा तिळाचं पान म्हटलेलं असतं, ते चूक आहे. पानावर भाजलेला एक तुकडा, तिळाच्या तेलात आणि मिठात बुडवून. त्यावर चॉपस्टिकच्या टोकाएवढं ‘स्सामजांग’: सोयाबीन आंबवून केलेलं द्वेनजांग आणि मिरचीचं गोचुजांग एकत्र करून, लसूण नि तिळाचं तेल घातलेलं. ते खारट असतं. चमचाभर घातलं की मांस कुठं गेलं ते कळत नाही. मग लसणाची एक चकती, पाजॉरीच्या दोन-तीन काड्या, हवी तर हिरव्या मिरचीची चकती. पानाच्या कडा वर घेऊन पिळल्यासारखं मिटायचं आणि आख्खं तोंडात.

आख्खं. दोन घासांत खायचं नाही. दात लावून तोडलं की पान फाटतं आणि आतलं सगळं मांडीवर. म्हणून पान मोठं असेल तर आधी अर्धं फाडून घ्यावं. मोठ्या पानात माणूस आपोआप जास्त भरतो. तोंड गच्च भरलेलं असताना बोलता येत नाही, त्यामुळे या टेबलावर अधूनमधून सगळे एकदम गप्प होतात आणि फक्त तव्याचा आवाज येत राहतो. मला ती शांतता आवडते.

चिमटेवाल्याचे दोन्ही हात मात्र अडकलेले. तो खाणार कधी? म्हणून पहिले दोन-तीन घास झाले की शेजारचा एक स्साम बांधतो आणि थेट त्याच्या तोंडाशी नेतो. हा लाड नव्हे, हा त्या टेबलाचा हिशेब आहे. जो भाजतो त्याच्या तोंडात इतरांनी घालायचं. नव्या माणसाला लाजल्यासारखं होतं, पण तोंड पुढं करायचं आणि खायचं. हातात घेऊन मग खातो म्हटलं की बांधणाऱ्याचा हिरमोड होतो आणि पानही उलगडतं.

याच पानावरून काही वर्षांपूर्वी कोरियात घराघरांत वाद झाला होता. सोया सॉसमध्ये मुरवलेली केन्निपची पानं एकमेकांना घट्ट चिकटतात; चॉपस्टिकनं एक सुटं करायला गेलं की तीन वर येतात. तेव्हा दुसरा माणूस आपल्या चॉपस्टिकनं खालची पानं दाबून धरतो. प्रश्न असा: तुमच्या मैत्रिणीचं पान सुटत नाहीये आणि तुमच्या जोडीदारानं न बोलता ते धरून दिलं, तर तुम्हाला चालेल का? टीव्हीवर, कॉलेजात, लग्नाळू मुलामुलींत यावर मनापासून भांडणं झाली. बाहेरच्याला ते पोरकट वाटेल. पण जिथं दुसऱ्याच्या घासाकडे लक्ष देणं हीच जवळीक मानली जाते, तिथं हा प्रश्न खरा आहे.

चौघांत एक शाकाहारी असेल तर? भाजक्या मांसाच्या खाणावळीत त्याला आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्याच्यासाठी तिथं भात, मीठ-तेल आणि पानं एवढंच उरतं. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. द्वेनजांगच्या रश्श्याचं पाणी सुकवलेल्या छोट्या मासळीचं असतं. ‘गोगी प्पेगो’ म्हणजे ‘मांस न घालता’ असं सांगितलं तरी मासळी येऊ शकते, कारण त्यांच्या बोलण्यात गोगी म्हणजे जनावराचं मांस. त्यापेक्षा त्या दिवशी सगळ्यांनीच मठातलं जेवण घ्यावं. इन्सादोंगजवळ जोग्येसा मंदिरासमोर ‘बालू गोंग्यांग’ हे जोग्ये या बौद्ध संप्रदायानं चालवलेलं उपाहारगृह आहे. तिथं मांस-मासळी नाहीच, शिवाय पाच उग्र वासाच्या गोष्टीही वर्ज्य: लसूण, कांद्याची पात, तशाच जातीच्या आणखी दोन भाज्या, आणि पाचवी ‘हुंगो’. हुंगो म्हणजे आपला हिंग. संस्कृत हिंगु हा शब्द चिनी ग्रंथांतून कोरियात पोचला. आपला हिंग तिथं निषिद्धांच्या यादीत बसलेला पाहून नवल वाटतं.

पेल्याचं काम राहिलं. सोजूची बाटली ३६० मिलिलिटरची, पेला साधारण ५० चा, काठोकाठ न भरता सात पेले होतात. सात हा आकडा दोघांत, तिघांत किंवा चौघांत सारखा वाटला जात नाही. दरवेळी कुणाचा तरी पेला रिकामा राहतो आणि पुढची बाटली येते. जिनरो कंपनी १९२४ मध्ये सुरू झाली तेव्हा सोजू ३५ टक्के तीव्रतेची होती. १९६५ मध्ये धान्याची टंचाई म्हणून तांदळापासून दारू गाळायला बंदी आली आणि रताळी-टॅपिओकासारख्या गोष्टींच्या शुद्ध अल्कोहोलमध्ये पाणी नि गोडी मिसळलेली सोजू रूढ झाली. आता ती साधारण १६ टक्क्यांवर आली आहे. सौम्य आणि गोडसर लागते, म्हणूनच फसवते.

रीत सोपी आहे. आपला पेला आपण भरायचा नाही. दुसऱ्याचा रिकामा दिसला की आपण भरायचा. अर्धा भरलेला असेल तर त्यात ओतायचं नाही, पूर्ण रिकामा होऊ द्यायचा. वडीलधाऱ्यासाठी बाटली दोन्ही हातांनी, आणि पिताना तोंड जरा बाजूला वळवून. न पिणाऱ्यानं नकार देत बसण्यापेक्षा ‘साइदा’ मागवावं. नाव सायडर या दारूसारखं ऐकू आलं तरी दचकू नये, ते लिंबू-सोड्यासारखं गोड पेय आहे. त्यानं पेला भरून सगळ्यांबरोबर उचलला की कुणी पुन्हा विचारत नाही.

मित्र हा शब्दही इथं जपून वापरावा लागतो. ‘चिंगू’ म्हणजे मित्र, पण खऱ्या अर्थानं समवयस्क. एक-दोन वर्षांनी मोठा असेल तर तो मित्र नव्हे, दादा, ती ताई. आणि तू-तुम्हीचा फरक आपल्यासारखाच क्रियापदापर्यंत पोचतो. म्हणून नव्या ओळखीत जन्मसाल विचारतात, त्यात भोचकपणा नसतो. क्रियापद कुठलं लावायचं ते कळावं म्हणून विचारतात. २८ जून २०२३ पासून बहुतेक सरकारी कामात जन्मतारखेप्रमाणे वय मोजायचं ठरलं, तरी टेबलावर अजून सालच विचारलं जातं. एकदा वयं जुळली आणि दोघांनी ‘तू’वर यायचं ठरवलं की चिमटा लहानानंच धरायचा हा नियमही सुटतो.

मांस संपलं, पोट भरलं, पेले रिकामे झाले, की इमो येऊन विचारतात: जेवायला काय घेणार? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळेनासं होतं. आत्तापर्यंत काय केलं मग? पण कोरियनांच्या हिशेबात मांस हे जेवण नव्हे. भात किंवा शेवया पोटात गेल्या की जेवण झालं. जाळीच्या खाणावळीत नेंगम्यॉन घ्यावं: बक्व्हीटच्या बारीक शेवया, बर्फाच्या चुऱ्यासकट गार रश्श्यात. त्या लांब आणि चिवट असतात, कात्रीनं एकदा उभ्या-आडव्या कापाव्यात, मग थोडं व्हिनेगर, थोडी मोहरी. चवीआधीच मोहरी ओतली तर रश्श्याचा हलका स्वाद मरतो, म्हणून आधी एक घोट नुसता. तव्याच्या खाणावळीत मात्र भात परतून घ्यावा, त्याला तोड नाही. तव्यावर उरलेली किमची, मांसाचे चार बारके तुकडे आणि चमचाभर चरबी ठेवून बाकीची पुसून काढायची. जास्त चरबी राहिली तर भात परतला न जाता तेलकट गोळा होतो. कात्रीनं किमची बारीक करायची, भात घालून मोडायचा, वर समुद्रशैवालाचा चुरा आणि तिळाचं तेल. मग चमच्याच्या पाठीनं सगळा भात तव्यावर पातळ थापायचा, आच कमी करायची आणि तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. खाली खरपुडी धरते.

याच तीन-चार मिनिटांत मंडळींतला एक जण हात धुवायच्या निमित्तानं उठतो आणि दारापाशी जाऊन सगळ्यांचं बिल भरून येतो. टिप द्यायची नसते. तरुण मंडळी आता काकाओपे या मोबाइलवरून पैसे द्यायच्या अॅपवर पैसे सारखे वाटून घेतात, तेही चांगलंच आहे. पण जुनी रीत अशी की पहिल्या खाणावळीचं एकानं, तिथून उठून जिथं जाऊ तिथलं दुसऱ्यानं. तो परत येऊन बसतो, कुणी काही विचारत नाही.

तोवर चिमटा कडेला पडलेला असतो आणि चौघांच्या हातात चमचे. खरपुडी तव्याच्या मधून सुटत नाही, कडेनं सुटते. एक जण चमच्याचं टोक खाली घालून रेटतो आणि तांबूस, कुरकुरीत पापुद्रा आख्खा वर येतो. त्याचा सगळ्यात मोठा तुकडा, ज्यानं दोन तास मांस भाजलं, त्याच्याकडे सरकवतात.